जमीन राखण्याची विद्या आणि छोटी प्रमाणपत्रे

शाश्वत भूव्यवस्थापन म्हणजे जमीन, पाणी, झाडोरा आणि जनावरे यांच्याकडून आजची गरज भागवून घेताना पुढच्या पिढ्यांना पोसण्याची त्यांची ताकद शाबूत ठेवणे. १९९२ च्या रिओ येथील वसुंधरा परिषदेनंतर ही कल्पना देशोदेशींच्या धोरणांत शिरली. १७ जून १९९४ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार मंजूर झाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये तो अमलात आला. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आणखी पुढचे पाऊल पडले: २०३० पर्यंत जितकी जमीन बिघडेल, तितकी तरी सुधारलीच पाहिजे, असे ठरले. वाळवंटीकरणविरोधी कराराची चौदावी परिषद सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे भरली. तिथे भारताने जमीन सुधारण्याचे आपले लक्ष्य २ कोटी १० लाख हेक्टरांवरून २ कोटी ६० लाख हेक्टरांवर नेले.

हे लक्ष्य किती मोठे आहे, ते इस्रोच्या अवकाश उपयोग केंद्राच्या नकाशांवरून कळते. २०१८-१९ च्या स्थितीवर आधारलेल्या या नकाशांनुसार देशातली ९ कोटी ७८ लाख हेक्टरांहून अधिक, म्हणजे एकूण क्षेत्रफळाच्या जवळजवळ ३० टक्के जमीन ऱ्हास पावलेली आहे. त्याआधीच्या, २०११-१३ च्या पाहणीत महाराष्ट्राचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास होते, तर गोव्याचे निम्म्याहून अधिक. पण एकाच आकड्याखाली अगदी निरनिराळे आजार दडलेले असतात. सह्याद्रीच्या पूर्व उतारांवर मातीची धूप होते आणि खालचा मुरूम उघडा पडतो. सांगली-कोल्हापूरकडे उसाला पाणी पाजून पाजून कृष्णाकाठच्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारट आहे. गोव्याच्या खाडीकाठच्या खाजण जमिनींत बांध फुटला किंवा मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारे नादुरुस्त झाली, की खाडीचे पाणी थेट भातात घुसते. धूप थांबवायला समतल चर लागतो, क्षारपड जमिनीला भूमिगत निचरा लागतो आणि खाजणाला बांध राखणारी माणसे लागतात. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

ही कामे प्रत्यक्षात कोण करते, हा पुढचा प्रश्न. मृदशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. झालेली माणसे संशोधन केंद्रांत असतात. उतारावर चराची आखणी करणारा असतो कृषी सहाय्यक, वनरक्षक, पाणलोट समितीचा सचिव, स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत नव्याने लागलेला पदवीधर. केनियात, इथिओपियात, उझबेकिस्तानात पदांची नावे वेगळी असतील, माणूस हाच. नोकरी, शेती, घर सोडून दोन वर्षांच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसणे त्याला शक्य नसते. त्याला हवे असते एकच नेमके कौशल्य, तेही थोड्या दिवसांत आणि पुढे कुठेतरी उपयोगी पडेल अशा दाखल्यासह. मायक्रोक्रेडेन्शियल म्हणजेच सूक्ष्म-प्रमाणपत्र ही व्यवस्था मुख्यतः अशा माणसासाठी आहे.

युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने १६ जून २०२२ रोजी याविषयी शिफारस स्वीकारली, आणि आज बहुतेक चर्चा तिच्या आधाराने होते. तिच्यानुसार सूक्ष्म-प्रमाणपत्र म्हणजे थोड्या अभ्यासानंतर शिकणाऱ्याला काय येऊ लागले याची नोंद. आणि जे येते ते आधी जाहीर केलेल्या, स्पष्ट निकषांवर तपासलेले असले पाहिजे. कार्यशाळेच्या शेवटी फुलाबरोबर हाती पडणारे उपस्थितीचे प्रमाणपत्र या व्याख्येत बसत नाही, कारण ते फक्त माणूस हजर होता एवढेच सांगते. सूक्ष्म-प्रमाणपत्रावर शिकणाऱ्याचे आणि देणाऱ्या संस्थेचे नाव, देश, तारीख, काय साध्य झाले, त्यासाठी किती तास लागले, पातळी कोणती, परीक्षा कशी घेतली आणि अभ्यासक्रमाच्या दर्जाची हमी कोणी दिली, हे सगळे असावे लागते. त्याच वर्षी युनेस्कोनेही सर्वमान्य व्याख्येचा प्रस्ताव मांडला. त्यात एक मुद्दा ठळक आहे: असे प्रमाणपत्र स्वतंत्रपणे उपयोगी असावे आणि पुढे मोठ्या पदवीच्या दिशेनेही मोजता यावे.

मोजणीपाशी आले, की देशादेशांतले फरक उघडे पडतात. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्ण वेळ शिकण्याच्या एका वर्षाला ६० श्रेयांक मिळतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरतात. न्यूझीलंडने २०१८ मध्येच सूक्ष्म-प्रमाणपत्रांना राष्ट्रीय पात्रता व्यवस्थेत जागा दिली. तिथे एक श्रेयांक १० तासांचा आणि प्रमाणपत्र ५ ते ४० श्रेयांकांचे. भारताच्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक ३० तासांचा आणि वर्षाचे ४० श्रेयांक. म्हणजे ‘पाच श्रेयांक’ असे नुसते छापलेले असेल, तर न्यूझीलंडमध्ये त्याचा अर्थ ५० तास, भारतात १५० तास आणि युरोपात १२५ ते १५० तास असा होतो. पातळ्यांचेही तसेच. युरोपीय आराखड्यात पदवी सहाव्या पातळीवर येते. भारतीय आराखड्यात तीन वर्षांची पदवी साडेपाचवर, चार वर्षांची सहावर. दोन देशांच्या विद्यापीठांनी मिळून अभ्यासक्रम काढायचा तर पहिली बैठक मातीवर नव्हे, या हिशेबावर खर्ची पडते. ते काम रटाळ खरे, पण टाळून चालत नाही. हिशेब जुळला नाही, तर नैरोबीत मिळवलेले प्रमाणपत्र पुण्यात नुसता कागद ठरते.

भूव्यवस्थापनात विद्यापीठांचे परस्पर सहकार्य मात्र या प्रमाणपत्रांच्या खूप आधीपासून चालू आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाचे नाव त्यात अग्रभागी घ्यावे लागते. तिथल्या हान्स हुर्नी यांच्या पुढाकाराने १९८१ पासून इथिओपियाच्या डोंगराळ भागात मृदसंधारणाचे संशोधन सुरू झाले आणि १९९२ मध्ये ‘वोकॅट’ हे जागतिक जाळे उभे राहिले. जगभरातल्या मृद-जलसंधारणाच्या पद्धती एकाच साच्यात नोंदवणे हे त्याचे काम. २०१४ मध्ये वाळवंटीकरणविरोधी कराराने या नोंदसंग्रहाला अधिकृत मान्यता दिली आणि आज त्यात दोन हजारांहून अधिक पद्धती आहेत. त्याची प्रश्नावली वाचण्यासारखी आहे. उतार किती, पाऊस किती, मातीची खोली किती, काम उभारायला आणि दरवर्षी डागडुजीला खर्च किती, मजूर कोणाचे, हे ती विचारतेच. शिवाय या पद्धतीचे तोटे कोणते आणि त्यांवर उपाय काय, हेही लिहायला लावते. ज्याला आपल्या गावच्या एका बांधाविषयी ही प्रश्नावली प्रामाणिकपणे भरता आली, त्याला त्या बांधाची चांगली जाण आहे असे समजायला हरकत नाही. या प्रश्नावलीचा परीक्षेसारखा वापर करणे सहज शक्य आहे.

दुसरे उदाहरण आइसलँडचे. नवव्या शतकाच्या अखेरीस तिथे वस्ती झाली तेव्हा बेटाचा मोठा भाग बर्च झाडांनी झाकलेला होता. तोड, मेंढ्यांची चराई, ज्वालामुखीची हलकी राख आणि सोसाट्याचा वारा यांनी मिळून निम्म्याहून जास्त हिरवाई नाहीशी केली. बर्चची राने जेमतेम टक्का-दीड टक्क्यावर आली. १९०७ मध्ये तिथे सरकारी मृदसंधारण खाते निघाले, जगातल्या अगदी जुन्या खात्यांपैकी एक. त्याचे मुख्यालय गुन्नार्सहोल्ट येथे आले, जी जागा स्वतःच वाळूखाली गाडली जाऊन ओसाड पडलेली होती. ही शतकभराची शिदोरी घेऊन आइसलँडने २००७ मध्ये जमीन पुनर्स्थापनेचे प्रशिक्षण सुरू केले. पुढे काही वर्षे ते संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली चालले आणि २०२० पासून युनेस्कोच्या आश्रयाखालच्या ‘ग्रो’ या केंद्राचा भाग आहे. आफ्रिका आणि मध्य आशियातल्या संस्थांत काम करणारे लोक सहा महिने तिथे राहून शिकतात आणि आपापल्या देशी परततात. सहा महिन्यांच्या या अभ्यासाला सूक्ष्म म्हणता येणार नाही. पण नोकरीतल्या माणसाला त्याच्याच देशातला प्रश्न हाती देऊन शिकवायचे, हे त्याचे सूत्र छोट्या अभ्यासक्रमांनाही लागू पडते.

याच केंद्राचा सहभाग असलेला एक युरोपीय प्रकल्प गेल्या दशकात झाला. रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठाची व्यवस्थापन शाखा आणि विलेम फेरवेर्डा यांनी स्थापलेली ‘कॉमनलँड’ ही डच संस्था त्यात होती. भूदृश्य सुधारण्याकडे उद्योगाच्या नजरेतून पाहणारा खुला ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांनी तयार केला. एखाद्या प्रदेशात किमान वीस वर्षे टिकून राहायचे आणि परतावा चार प्रकारांनी मोजायचा, हा त्याचा गाभा: माणसांची उमेद, समाजाची वीण, निसर्गाची संपत्ती आणि पैसा. नेदरलँड्समधल्या वाखनिंगेन विद्यापीठाने मृदाव्यवस्थापनाचे ऑनलाइन अभ्यासक्रम काढले. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आपल्या मोफत अभ्यासक्रमांना डिजिटल बॅज देते. साहित्याचा तुटवडा आता राहिलेला नाही. अडचण आहे ती परीक्षेची.

जमिनीचे कौशल्य पडद्यावर तपासता येत नाही. ‘ए’ आकाराच्या चौकटीचे उदाहरण पाहावे. दोन सरळ काठ्या वर जोडलेल्या, मध्ये आडवी पट्टी आणि शेंड्यापासून लोंबणारा दगडाचा ओळंबा, एवढेच हे साधन. आधी त्याचा मध्य काढावा लागतो: चौकट उभी करून दोरी पट्टीवर कुठे येते त्याची खूण करायची, मग दोन्ही पाय एकमेकांच्या जागी ठेवून पुन्हा खूण करायची, या दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी, पक्की खूण येते. मग एक पाय जागीच ठेवून दुसरा उतारावर वर-खाली हलवायचा. दोरी पक्क्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे चुना टाकायचा, पुढचा पाय फिरवायचा आणि डोंगराच्या कुशीला वळसा घालत समपातळीची रेष काढत जायचे. वारा असेल तर ओळंबा डुलतो. दगड लहान असेल तर जास्तच. हे समजावणारा व्हिडिओ पाच मिनिटांत संपतो. पण ज्याने रेष चुकवली, त्याच्या चरात पाणी एका टोकाला जमते, तिथून चर फुटतो आणि पहिल्याच पावसात नवी घळ पडते. म्हणून या कौशल्याची परीक्षा एकाच तऱ्हेने होऊ शकते: शिकणाऱ्याने उतारावर रेष काढायची आणि परीक्षकाने हायड्रोमार्करने, म्हणजे पाण्याच्या नळीवर समपातळी दाखवणाऱ्या साधनाने, ती तपासायची.

मोकळ्या रानात देता येईल अशी दुसरी परीक्षा मातीच्या जडणघडणीची आहे, आणि ती खुद्द आंतरराष्ट्रीय सहकार्यातून घडलेली आहे. नेदरलँड्सच्या पेर्लकाम्प यांनी १९५९ मध्ये मांडलेली कल्पना स्कॉटलंड आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी २००७ मध्ये सुटसुटीत केली. पुढे ब्राझीलमधल्या अनुभवाने तिच्यात सुधारणा झाली. ओलसर जमिनीतून फावड्याने २० ते २५ सेंटिमीटर खोलीचा मातीचा ठोकळा न मोडता काढायचा, हाताने हळूच उकलायचा आणि ढेकळांचा आकार, छिद्रे, मुळे कुठवर गेली हे पाहून तिला एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे भुसभुशीत, पाच म्हणजे दडपलेली. वापरायचे साधन एक फावडे, आणि तक्ता एका पानाचा. परीक्षा अशी असेल तर दोन देशांतल्या परीक्षकांचे गुण जुळतात की नाही, हेही ताडून पाहता येते.

मात्र पद्धत सर्वत्र चालते म्हणून आकडेही सर्वत्र चालतील असे नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात विशमायर आणि स्मिथ यांनी अनेक प्लॉटांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून मातीच्या धुपीचे सार्वत्रिक सूत्र बसवले. १९६५ मध्ये आणि सुधारून १९७८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उताराची लांबी आणि चढण, पिकाचे आच्छादन, संधारणाचा उपाय, असा गुणाकार. सूत्राची ही चौकट कुठेही नेता येते, पण प्रत्येक घटकाची किंमत तिथल्याच नोंदींतून काढावी लागते. आपल्याकडे चार महिन्यांत कोसळणाऱ्या पावसाला अमेरिकी आकडे लावले तर उत्तर चुकते. अशा स्थानिक नोंदींचे मोल महाराष्ट्राला नवे नाही. मांजरीला १९२३ मध्ये आणि सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, ना. वि. कानिटकर यांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडले गेले आहे.

बांधकामातही हा फरक दिसतो. महाराष्ट्रात सलग समतल चर खणताना माती उताराच्या खालच्या अंगाला टाकतात. चर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो, आणि मातीच्या थराप्रमाणे ३० किंवा ४५ सेंटिमीटर खोल. केनियाच्या माचाकोस भागातल्या ‘फान्या जू’ पद्धतीत हीच माती वरच्या अंगाला फेकतात. तिथे बांध उभा राहतो, वरून वाहून आलेला गाळ त्याच्या पोटाशी साचतो आणि काही वर्षांत शेत आपोआप पायरीचे होते. माती वर टाकण्याची पद्धत पिकाऊ शेतात पायऱ्या घडवण्यासाठी, खाली टाकण्याची उघड्या माळावर पाणी जिरवण्यासाठी. दोन्ही बरोबर आहेत, आणि ज्याला या दोहोंतला फरक कारणांसह सांगता येतो तोच शिकलेला. वनस्पतींच्या बाबतीत तर परदेशी उपाय घातकही ठरले आहेत. अलास्काहून १९४५ मध्ये आणलेल्या ल्युपिनने आइसलँडची उघडी जमीन झाकली, पण आता ते इतर वनस्पतींवर कुरघोडी करत पसरते आहे. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकात लावलेल्या वेड्या बाभळीने गवताचे रानच गिळले. म्हणून संयुक्त अभ्यासक्रमात सर्वांना समान असावी ती निकषांची चौकट, श्रेयांकांचा हिशेब आणि परीक्षेची शिस्त. उत्तरे मात्र ज्या त्या शिवारातली. काही विद्यापीठे नेमके उलटे करतात: आपले धडे जसेच्या तसे भाषांतर करून पाठवतात आणि परीक्षा स्थानिक संस्थेवर सोडून देतात.

आधीपासून येत असलेल्या कौशल्याची दखल हा या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बुर्किना फासोच्या याकुबा सावादोगो यांनी १९८० च्या दशकातल्या दुष्काळात ‘झाई’ या पारंपरिक खड्ड्यांना नवे रूप दिले. कोरड्या दिवसांतच टणक जमिनीत खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत घालायचे, वाळवी येऊन जमीन पोकळ करते आणि पहिला पाऊस तिथेच मुरतो. ओसाड माळावर त्यांनी रान उभे केले. २०१८ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. देशोदेशींचे संशोधक त्यांच्याकडे शिकायला गेले. आपल्याकडे पानी फाउंडेशनच्या २०१६ ते २०१९ या काळातल्या वॉटर कपसाठी गावोगावची माणसे चार दिवसांच्या निवासी प्रशिक्षणात हायड्रोमार्कर धरायला, ‘माथा ते पायथा’ आखणी करायला शिकली आणि लगेच उन्हाळ्यात ती कामे त्यांनी करून दाखवली. त्यातल्या अनेक जणी दहावीच्या पुढे गेलेल्या नव्हत्या. या कौशल्याची मैदानी परीक्षा घेऊन श्रेयांक दिले असते, तर कित्येकींना कृषी पदविकेची वाट खुली झाली असती.

काही मर्यादा मान्यच करायला हव्यात. तीस तासांत माणूस एक कौशल्य शिकतो. अख्खे पाणलोट क्षेत्र समजायला पाच-दहा पावसाळे लागतात. सुटी प्रमाणपत्रे जमवत राहिले तर हाती तुकडे येतात आणि मातीचा जीवशास्त्राशी, पाण्याचा गावच्या राजकारणाशी असलेला संबंध निसटतो. म्हणून सुटे तुकडे कोणत्या क्रमाने जोडले की पदविका होते, हे आधीच जाहीर असावे. भाषेचा अडसर याहून मोठा आहे. हे अभ्यासक्रम प्रामुख्याने इंग्रजीत असतात; बांध राखणारे लोक मराठी, अम्हारिक, स्वाहिली बोलतात. फीचा प्रश्नही आहे: साहित्य फुकट आणि प्रमाणपत्राला डॉलर, ही पद्धत आफ्रिकेच्या किंवा विदर्भाच्या कार्यकर्त्याला परवडत नाही.

भारतात या व्यवस्थेसाठी लागणारे बहुतेक सुटे भाग तयार आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये श्रेयांक साठवणारी ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली. ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे, आणि आयआयटी कानपूरने कॉमनवेल्थ ऑफ लर्निंगच्या सहकार्याने शेतीचे खुले अभ्यासक्रम त्याच्याही आधी काढले होते. ग्रेटर नोएडाच्या परिषदेत जाहीर झालेले शाश्वत भूव्यवस्थापनाचे उत्कृष्टता केंद्र देहरादूनच्या वन संशोधन परिषदेत आहे. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत, आणि १९८९ पासून मराठीतून दूरशिक्षण देणारे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकला आहे. स्विस धर्मगुरू हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमामुळे परदेशी सहकार्याचा तीन दशकांचा अनुभव अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, गावांना आहे.

या पाच विद्यापीठांनी मिळून पहिली काही सूक्ष्म-प्रमाणपत्रे मराठीतच काढावीत: समतल चराची आखणी, मातीच्या जडणघडणीची परीक्षा, क्षारपड जमिनीचा निचरा, खारपाणपट्ट्यातले पाणी. गोव्याबरोबर खाजणाच्या बांधांचे एक काढावे. प्रत्येकाची परीक्षा शिवारात व्हावी, परीक्षकांमध्ये अनुभवी शेतकरी असावेत, श्रेयांक बँकेत जमा व्हावेत आणि प्रमाणपत्रावर तास व पातळी युरोपीय पद्धतीनेही लिहिलेली असावी. बर्न, वाखनिंगेन किंवा आइसलँडच्या केंद्राशी करार करायचा तो यानंतर, आपली परीक्षा तयार झाल्यावर.